पाठीवर उमटलेली चाल

टेम्पो डावीकडच्या बोळातून आला, आणि जराही आवाज न करता आला. केतकी फाळकेला कळलं ते एवढंच, की आपल्या डाव्या पोटरीला गार पत्रा घासून गेला. त्यानंतर उजव्या मनगटातल्या दोरीला हिसका बसला आणि ती भावाच्या अंगावर कोसळली. दोघंही रस्त्यावर आडवे.

"लागलं? केतकी, लागलं का गं?" संग्रामचा आवाज फाटला होता.

"गुडघा खरचटलाय. तुला?"

त्यानं तिला धरून उठवून बसवलं. पुढे जाऊन थांबलेला टेम्पोवाला आधी ओरडला, "दिसत नाही का?" मग तिच्या बनियनवरची 'अंध धावपटू' ही अक्षरं त्यानं वाचली असावीत. "सॉरी ताई," असं पुटपुटून तो निघून गेला. जाताना पुन्हा एकही आवाज नाही.

केतकी विशीत असताना तिच्या डोळ्यांचा पडदा सुकत गेला आणि दिसणं थांबलं. तेव्हापासून तिचा थोरला भाऊ संग्राम तिला घेऊन साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या रस्त्यावर पळायला जायचा. दोघांच्या हातात एक आखूड दोरी. तिचा उजवा हात, त्याचा डावा. तो पळता पळता बोलायचा: "खड्डा. उजवीकडे घे. चढ आला. कुत्रं आहे, झोपलंय." आता ती कॉलेजात इतिहास शिकवत होती, त्याची सौरपंपांची एजन्सी होती, दोघांचेही केस पिकायला लागले होते. पण सकाळचं पळणं सुटलं नव्हतं. एवढ्या वर्षांत तो एकदाही उशिरा बोलला नव्हता.

पूर्वी तिचे कानही मदतीला असत. एसटीची धाप, बुलेटचा ठोका, रिक्षाची फटफट, सगळं लांबून कळायचं. मग बघता बघता सगळ्या गाड्या विजेवर गेल्या आणि रस्ते मुके झाले. चालणाऱ्याला कळावं म्हणून गाडीनं कृत्रिम गुणगुण करत राहावं, असा कायदा झाला होता. पण लोकांना ती गुणगुण नकोशी झाली आणि गल्लीतले मेकॅनिक ती बंद करून द्यायला लागले. डोळस माणसंसुद्धा मान वळवून वळवून चालायला शिकली. अंध माणसं घरात बसली.

घरी आल्यावर शीतलवहिनींनी तिच्या गुडघ्याला औषध लावलं. कापसाचा बोळा डब्यात टाकून मग म्हणाल्या, "केतकी, राग मानू नकोस. पण आता पुरे झालं असं नाही वाटत? ट्रेडमिल घेऊया ना घरात."

"दादाला विचारलंत?"

"तो काय सांगणार! तू नाही म्हटल्याशिवाय तो नाही म्हणणार नाही."

ते वाक्य केतकीच्या मनात रुतून बसलं. आपल्यापायी दादाचा जीव गेला असता तर? तिनं दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या एका संशोधन संस्थेला फोन केला. तिथे अंधांसाठी बनवलेल्या एका जाकिटाच्या चाचण्या चालू आहेत, असं तिनं ऐकलं होतं.

*

जाकीट घेऊन रेवा बेळगावकर आली. ती त्या प्रकल्पातली इंजिनीअर होती. बोलायला फटकळ आणि चहाची शौकीन. जाकिटाला त्यांनी 'पाठराखण' असं नाव दिलं होतं.

"यात खांद्यांवर आणि कमरेला बारीक रडार आहेत," तिनं केतकीची बोटं शिवणीवरून फिरवत सांगितलं. "त्या लहरी चहूबाजूंनी जातात, वस्तूंवर आपटतात, परत येतात. किती वेळानं आल्या त्यावरून अंतर कळतं. आणि वस्तू हलत असेल तर परत येणाऱ्या लहरीची पट्टी बदलते. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते आणि लांब जाताना उतरते ना, तसंच. त्यावरून वेग कळतो."

"आणि ते मला कोण सांगणार? कानात बोलणार का?"

"छे! कान मोकळे हवेत. ते पाठीवर लिहिलं जाणार." आतल्या अस्तरात मुंगीच्या डोक्याएवढे शेकडो ठिपके होते. प्रत्येक ठिपका त्वचेला हलकेच टोचायचा. डावीकडून काही आलं तर डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, मागून आलं तर कण्यावर, जवळ आलं तर जोरात. "सुरुवातीला नुसत्या गुदगुल्या होतील. वैताग येईल. पण मेंदू फार चिवट असतो. तुमच्या मेंदूतला बघण्याचा भाग इतकी वर्षं रिकामा बसलाय. त्याला काम दिलं की तो पाठीवरून बघायला शिकेल."

वैताग आला. पहिल्या काही आठवड्यांत केतकीनं ते जाकीट दोनदा खुर्चीवर भिरकावून दिलं. कॉलेजच्या मैदानावर ती रोज चालायची आणि पाठीवर नुसती वाळू सांडत असल्यासारखं वाटायचं. मग एका सकाळी ती चालता चालता थांबली. समोर खांब होता. पाठीवर काही टोचलं म्हणून खांब आहे असं तिनं ताडलं नव्हतं. खांब होताच, समोर, उभा. टोचणं मध्ये कुठे जाणवलंच नव्हतं. तिनं हात पुढे केला आणि तिची बोटं गार लोखंडावर टेकली. तिथेच ती हसत उभी राहिली.

त्यानंतर सगळं भराभर उलगडलं. सायकल कशी, म्हैस कशी, वळणारी गाडी कशी. जमिनीतले खड्डे रडारला नीट कळत नसत, त्यासाठी बुटांत वेगळे यांत्रिक तळवे होते, पण बाकी सगळं पाठ बोलायची. आणि माणसं! माणूस चालतो तेव्हा त्याचे हात, पाय, धड वेगवेगळ्या वेगानं हलतात, त्यामुळे प्रत्येकाच्या लहरींची नक्षी वेगळी असते. कॉलेजचे शिपाई कदमकाका हात मागे बांधून डुलत चालतात, हे तिला आता कोणी न सांगता कळलं. वहिनी टाच आपटून चालतात, हेही.

मैदानावर ती एकटी पळाली. पहिल्यांदाच. कोणाच्या श्वासाशी श्वास न जुळवता, स्वतःच्या वेगानं. फेरी संपल्यावर तिला इतका आनंद झाला, की तिला त्याची लाजच वाटली. हे दादाला कसं सांगायचं? इतकी वर्षं ज्यानं आपल्यासाठी पहाटे उठून बूट घातले, त्याला काय म्हणायचं? आता तू नकोस?

तिनं सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "दादा, जाकिटाची सवय व्हावी म्हणून थोडे दिवस दोरीशिवाय पळूया. तू बरोबर राहा."

"राहतो की," तो म्हणाला.

*

दोरी सुटली आणि चौथ्या-पाचव्या सकाळी केतकीला काहीतरी खटकलं.

संग्राम तिच्या उजव्या बाजूनं पळत होता. त्याची नक्षी तिच्या उजव्या फऱ्यावर उमटत होती, पण ती लंगडी होती. एका बाजूनं हात झुलत होता. दुसऱ्या बाजूनं काहीच नव्हतं. डावा हात अंगाला चिकटल्यासारखा. डावा पायही जमिनीवरून उचलताना क्षणभर रेंगाळत होता.

जाकीट बिघडलं, असं तिला वाटलं. तिनं रेवाला बोलावून घेतलं. रेवानं सगळे ठिपके तपासले, स्वतः तिच्याभोवती पळून बघितलं. तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी उमटली.

"यंत्र ठीक आहे," रेवा म्हणाली. मग चहाचा कप उचलून नुसती फुंकर घालत राहिली.

"बोल ना."

"मॅडम, मी डॉक्टर नाही. आणि आमच्या नियमांत स्पष्ट आहे. पाठराखण वाहनं आणि अडथळे ओळखण्यासाठी आहे. कोणाच्या शरीराबद्दल, आजाराबद्दल त्यातून काही सांगायचं नाही. त्या माणसाची परवानगी नसते ना. उद्या कोणीही कोणाला असं वाचत सुटलं तर?"

"बरोबर आहे तुझं," केतकी म्हणाली. "पण रेवा, वहिनींना दादाचं तोंड उतरलेलं दिसलं तर त्या परवानगी मागतात का? दिसतं म्हणून दिसतं. मला आता दिसलंय. ते मी कुठे ठेवू?"

रेवानं कप खाली ठेवला. "मग यंत्राचं नाव घेऊ नका. बहीण म्हणून बोला."

त्या दुपारी वहिनी गवार निवडत होत्या. केतकी समोर येऊन बसली आणि तिनं सरळ सांगून टाकलं. डावा हात, डावा पाय. वहिनींच्या हातातली शेंग तुटायची थांबली.

"शर्टाची बटणं," त्या हळूच म्हणाल्या. "वर्ष झालं असेल. डाव्या हातानं काज धरता येत नाही त्याला. मी लावून देते तर चिडतो. सहीसुद्धा बारीक बारीक होत चालली आहे. मला वाटायचं थकलाय. रोज पहाटे उठून..." त्या थांबल्या.

"माझ्यामुळे थकलाय, असं वाटायचं."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तसंच वाटायचं. तुला बोलायची हिंमत नव्हती म्हणून ट्रेडमिल काढली."

मग वहिनींनी डोळे पुसले असावेत, कारण त्यांच्या बांगड्या वाजल्या. "मी बोलले तर तो घर डोक्यावर घेईल. तू सांग. तुझं ऐकतो."

संग्रामनं ऐकलं नाही. रात्री जेवून झाल्यावर केतकीनं विषय काढला तेव्हा तो आधी हसला आणि मग एकदम भडकला. "आता त्या जाकिटानं माझी नाडी बघायची? धडधाकट माणूस आहे मी! तुला एकटीला पळायचं असेल तर तसं सांग ना. माझ्यात खोट कशाला काढतेस?"

त्यानं नेमकं तेच बोलून दाखवलं होतं, जे ती लपवत होती. मग तो उठून गेला.

*

सकाळी तो तिला न उठवता निघून गेला. वहिनींनी येऊन सांगितलं, "बूट घालून गेला. मी हाक मारली तर वळूनही बघितलं नाही. केतकी, त्याचा पाय अडखळतो म्हणतेस, आणि आज डोक्यात राग आहे. मला भीती वाटते."

"कुठल्या बाजूला गेला?"

"नेहमीच्याच. किल्ल्याकडे."

केतकीनं जाकीट चढवलं. वहिनी येते म्हणाल्या, पण त्यांच्या वेगानं गेलं तर तो सापडणार नाही, हे दोघींना ठाऊक होतं. दारातून बाहेर पडताना केतकीच्या लक्षात आलं, की दिसणं थांबल्यापासून भर रस्त्यावर आपण पहिल्यांदा एकट्या पळणार आहोत.

गल्ली सोपी होती. पुढे मोठा रस्ता ओलांडायचा होता. तिथे सिग्नल नव्हता आणि सकाळच्या शाळांच्या बसगाड्या सुरू झाल्या होत्या. ती कडेला थांबली. कानांना नुसता वारा आणि टायरांची बारीक सळसळ. पण पाठ जागी होती. उजवीकडून एक मोठं, रुंद काहीतरी सरकत आलं आणि गेलं. बस. तिच्या मागे दोन लहान. डावीकडून एक वेगात येतंय, आणखी एक त्याच्या आड. इतकी वर्षं या जागी दादाचा आवाज यायचा, 'चल', आणि ती निघायची. आज 'चल' तिलाच म्हणायचं होतं.

डावीकडची दोन्ही वाहनं गेली. उजवी बाजू मोकळी, अगदी लांबपर्यंत गुळगुळीत. ती निघाली. अर्ध्यात आल्यावर एक स्कूटर बोळातून भसकन आत घुसली. पाठीवर तिचा ठसा इतक्या जोरात बसला, की केतकीचे पाय विचार करायच्या आत थांबले. स्कूटर समोरून गेली. हवेचा झोत चेहऱ्यावर आला. पुढच्या पावलाला ती पळायला लागली, आणि पलीकडचा फुटपाथ तळव्यांखाली आला तेव्हा तिच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला.

किल्ल्याच्या रस्त्यावर वर्दळ होती. फिरायला आलेल्या बायका, पाठीवर पोर घेतलेला बाप, काठी टेकत चाललेले आजोबा. सगळ्यांच्या नक्षी तिच्या पाठीवरून सरकत गेल्या. दुसऱ्या वळणाच्या पुढे ती सापडली, तिला हवी असलेली. उजवा हात झुलतोय. डावा झुलत नाही.

"दादा, थांब!"

तो थांबला. ती जवळ पोहोचेपर्यंत तो तसाच उभा होता. मग म्हणाला, "कोणाबरोबर आलीस?"

"एकटी."

"मोठा रस्ता?"

"ओलांडला."

तो कठड्यावर बसला. त्याचा श्वास लागला होता, आणि नुसत्या चढामुळे लागलेला तो वाटत नव्हता. "केतकी," तो म्हणाला, "तो टेम्पो मी बघितला होता."

ती त्याच्याकडे वळली.

"बोळाच्या तोंडाशी असतानाच बघितला होता. तुला ओढायचं म्हणून हाताला सांगितलं, आणि हात हललाच नाही. माझाच हात! ओरडायचंही सुचलं नाही. हललाच नाही गं, आणि जेव्हा हलला तेव्हा टेम्पो तुला घासून गेला होता." त्यानं कठड्यावर उजवी मूठ आपटली. "तेव्हापासून रोज बूट घालताना तेच डोळ्यांपुढे येतं. आज हिला मारणार मी, असं वाटतं. पण मी नाही म्हटलं तर तू घरात बसशील. म्हणून येत होतो."

केतकी त्याच्या शेजारी बसली. "दोरी होती तोवर मला कळलंच नाही," ती म्हणाली. "माझ्या हाताबरोबर तुझा हात हलायचा. दोघांचे हात मीच हलवत होते, दादा. दोरी सुटली आणि तो थांबला."

तिनं त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला.

"आणि तू रात्री म्हणालास ते खरं आहे. मला एकटीला पळायचंय. किती दिवस सांगणार होते. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले."

"वाईट?" संग्राम म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. रडणंही त्यातच कुठेतरी होतं. "अगं वेडे, मी सुटलो! बोलली असतीस तर पेढे वाटले असते मी."

दोघं हसत बसले. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी वळून बघितलं असेल. मग खालून टाच आपटत, धापा टाकत एक ओळखीची चाल वर येऊ लागली, आणि केतकी म्हणाली, "वहिनी आल्या. त्यांना तरी सांग डॉक्टरकडे येतो म्हणून."

"येतो," तो म्हणाला.

*

डॉक्टर तांबोळी यांनी त्याला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, एक वर्तुळ काढायला लावलं, मग मेंदूची तपासणी केली. निदान कंपवाताचं होतं. वहिनींनी केतकीचा हात घट्ट धरला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा हात कापायला लागल्यावर. तोपर्यंत हालचाल सांभाळणाऱ्या पेशी निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. गेलेल्या परत आणता येत नाहीत. पण ज्या शिल्लक आहेत त्यांना वाचवणारं औषध आता आहे, आणि तुमच्या बऱ्याच शिल्लक आहेत. फार लवकर आलात तुम्ही. कोणाच्या लक्षात आलं?"

"बहिणीच्या," संग्राम म्हणाला.

डॉक्टरांनी केतकीकडे बघितलं असावं, कारण त्यांची खुर्ची तिच्या दिशेनं करकरली. मग त्या म्हणाल्या, "आजार पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण पुढची कित्येक वर्षं तुम्ही आज आहात तसे राहाल, असं म्हणायला मला भीती वाटत नाही. एक मात्र कटाक्षानं करायचं. रोज पळायचं. औषधाइतकंच ते महत्त्वाचं आहे. सोडायचं नाही."

वहिनींच्या तोंडून "अरे देवा!" असं निघालं आणि तिघंही त्या गंभीर खोलीत हसत सुटले.

रेवाच्या संस्थेत मात्र या गोष्टीवरून बराच खल झाला. शेवटी त्यांनी माणसांच्या चालीचं काही साठवायचं नाही, कोणाला पाठवायचं नाही, असंच ठरवलं. घालणाऱ्याच्या पाठीला जे कळतं ते त्याच्यापाशी. पुढे काय करायचं ते माणसानं ठरवावं. केतकीला ते पटलं.

औषध सुरू होऊन काही महिने गेले. आता सकाळी दोघं एकाच वेळी घराबाहेर पडत आणि कोपऱ्यावर वेगळे होत. केतकी पुढे निघून जाई. संग्राम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डावा हात मुद्दाम झुलवत आपल्या वेगानं येई. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती घरी येऊन आंघोळ करून चहाला बसली तरी त्याचा पत्ता नव्हता. वहिनी दोनदा दारात जाऊन आल्या. तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा फाटक वाजलं.

"कुठे होतास?" वहिनींनी विचारलं. "जीव टांगणीला लागला इथे!"

"बघत होतो," संग्राम म्हणाला. तो खुर्चीत टेकला, पण त्याचा आवाज उभाच होता. "केतकी, तुला माहितीये, किल्ल्याच्या त्या रस्त्याला सावरीची झाडं आहेत. किती! वरच्या वळणापासून रांगच आहे. सगळी लाल फुललीत. एवढी वर्षं रोज तिथून गेलो आणि मला माहीतच नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणजे?"

"मान वर करून कधी बघितलंच नाही गं. माझे डोळे सारखे खाली. खड्डा, दगड, वायर. आज पहिल्यांदा वर बघत पळालो."

केतकीनं कप बाजूला ठेवला. विशीपर्यंत बघितलेले रंग तिच्याकडे अजून होते, पण वापरात नसलेल्या भांड्यांसारखे मागच्या फळीवर गेलेले. ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकली.

"कशी लाल आहेत? नीट सांग."

"कशी म्हणजे..." संग्राम विचारात पडला. "थांब. शीतल, तूही ये इकडे. मला एकट्याला जमायचं नाही."

वहिनी हात पुसत आल्या, आणि तो सांगू लागला.